वीणा खाली ठेवायची नसते, पण हात बदलतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या ४८ वर्षांच्या ताई. सासूबाई ८१ वर्षांच्या, पाच वर्षांपासून स्मृतिभ्रंश, आणि गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर. यजमान नोकरीला, दीर पुण्याला, नणंद जवळच्याच गावात. घर वारकरी. पूर्वी दर एकादशीला भजन, पौष महिन्यात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा आणि एकदा पायी पंढरपूर. आता साधा हरिपाठही होत नाही. ताई लिहितात, "सगळे म्हणतात, सेवा हीच भक्ती. ते ऐकलं की धीर यायच्या ऐवजी छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. परवा सासूबाईंनी अंगावर पाणी सांडलं आणि माझा हात उगारला गेला. मारलं नाही, पण रात्रभर झोप लागली नाही. आपल्या परंपरेत माझ्यासारखीला धरायला काही आहे का, की सगळं सेवा घेणाऱ्यासाठीच आहे?"

ताई, आधी त्या उगारलेल्या हाताबद्दल बोलू. ते बाजूला ठेवून देवाधर्माच्या गोष्टी केल्या तर तुमच्या मनाला लागणार नाहीत.

मी परिचारिका आहे. २२ वर्षं घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांची सुश्रूषा करते आणि त्यांच्या घरच्यांना ती शिकवते. हात उगारला गेल्याचं मला स्वयंपाकघरात, दार लोटून, हळू आवाजात सांगणाऱ्या बायका आणि पुरुष इतके भेटलेत की मोजदाद ठेवलेली नाही. त्यांतलं कुणीही दुष्ट नव्हतं. बहुतेकांची सलग चार तास झोप महिनोन्‌महिने झालेली नव्हती. तुमचा हात थांबला, त्या थांबण्याला महत्त्व आहे. पुढच्या वेळी तसं वाटलं तर आजींना कुशीवर नीट टेकवा, खाटेचा कठडा वर करा, आणि दहा मिनिटं खोलीबाहेर जा. ओला गाऊन दहा मिनिटांनी बदलला तरी चालतो. आजींची चिडचिड एकदम वाढली असेल तर लघवीचा जंतुसंसर्ग, तुंबलेलं पोट किंवा अंगात कुठेतरी दुखणं आहे का, हे डॉक्टरांना बघायला सांगा. स्मृतिभ्रंशातल्या माणसाला "दुखतंय" सांगता येत नाही, मग ते हातपाय झाडतं.

आणि एक सरळ विचारते. दोन आठवडे झाले तरी कशातच जीव रमत नाही, आजींना किंवा स्वतःला संपवावं असं मनात येतं, असं आहे का? असेल तर हे उत्तर इथेच ठेवा आणि १४४१६ वर फोन करा. टेलि-मानस ही सरकारी, मोफत, चोवीस तासांची सेवा आहे आणि मराठीत बोलता येतं. भजनाने मन हलकं होतं हे मी शेकडो घरांत पाहिलंय. पण नैराश्य हा आजार आहे, त्याला उपचार लागतो. माळकऱ्यालाही लागतो.

आता तुमचा खरा प्रश्न.

गावच्या सप्ताहात तुम्ही बसलेल्या आहात म्हणून तुम्हाला वेगळं समजवायची गरज नाही. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस, रात्रंदिवस खाली ठेवत नाहीत. पहाटेचा काकडा, मग पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, नंतर जागर, आणि या सगळ्यात एक माणूस गळ्यात वीणा घेऊन उभा. पण तो एकच माणूस सात दिवस उभा राहतो का? पहारे लागलेले असतात. देवळाच्या खांबाला कागद डकवलेला असतो: कुणाचा पहारा किती ते किती. वेळ झाली की पुढचा येतो, वीणेला नमस्कार करतो, पहिल्याच्या पाया पडतो, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. सूर तुटत नाही. रात्री दोनच्या पहाऱ्याला कुणी आलंच नाही आणि एकट्याने ओढली, तर सकाळी गावात त्याचं कौतुक कमी होतं, आणि न येणाऱ्याला चारचौघांत विचारलं जातं, "काय रे, कुठं होतास?"

तुमच्या घरात पाच वर्षं वीणा तुमच्याच गळ्यात आहे. खांबावर कागदच लागलेला नाही. "सेवा हीच भक्ती" म्हणणाऱ्यांना हे विचारायला हवं, की भक्ती आहे तर तिचे पहारे कुठे आहेत? आपल्या परंपरेत अखंड चालणारं काहीही एका माणसावर सोडलेलं नाही. दिंडीतसुद्धा वीणेकरी वेगळा, मृदंगवाला वेगळा, टाळकरी वेगळे, पाण्याचा हंडा डोक्यावर घेणारी वेगळी. शेतात एकट्याच्या बैलांनी नांगरट उरकत नसली की सावड धरायची, म्हणजे आलटून-पालटून एकमेकांच्या शेतात राबायचं, नाहीतर इर्जिक घालायचं, म्हणजे चारजणांना बोलावून काम एकत्र उरकायचं. मला स्वतःला परंपरेतलं सगळ्यात जास्त बळ इथे सापडलं.

पुंडलिकाची गोष्ट तुम्हाला सगळे ऐकवत असतील. मीही ऐकवते, पण तिच्यातल्या ज्या तीन गोष्टी लोक गाळतात, त्या धरून. पहिली म्हणजे, पुंडलिक सून नव्हता. मुलगा होता. विठोबा ज्याच्यासाठी पंढरपुरात थांबला तो, स्वतःच्या आईबापाचे पाय चेपणारा एक पुरुष होता. हे यजमानांना आणि दिरांना शांतपणे, भांडण न करता सांगण्यासारखं आहे. आरतीत रोज पुंडलिकाचं नाव घेणाऱ्या मुलाने आईचा लंगोट बदलायला लाजू नये. दुसरी, पुंडलिक आधी चांगला मुलगा नव्हताच. आईबापाला त्याने छळलं होतं, मग तो बदलला. म्हणजे आपण आदर्श म्हणून जो निवडला, तो चुकलेला माणूस आहे. तुमच्या परवाच्या रात्रीला या गोष्टीत जागा आहे. तिसरी मला सगळ्यांत मोलाची वाटते. देव दारात आला तरी पुंडलिक उठला नाही. हातातलं काम चालू ठेवून त्याने वीट फेकली आणि म्हणाला, थांब जरा. आणि देव थांबला. रागावून निघून गेला नाही. युगे अठ्ठावीस उभा आहे, असं आपण टाळ्या वाजवत म्हणतो.

मग तुमचा हरिपाठ राहिला, एकादशी राहिली, पौषात त्र्यंबकला जाणं झालं नाही, याचा अपराध कशाला वाटतो? वीट टाकलेली आहे. तो उभा राहील. वारी चुकल्याची रुखरुख काय असते हे मला कळतं, माझ्या आईने शेवटची चार वर्षं ज्येष्ठ लागला की ओट्यावर बसून रस्त्याकडे बघण्यात काढली. पण २०२० साल आठवा. करोनात पायी वारी झाली नाही, मानाच्या पालख्यांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि लाखो वारकरी घरी राहिले. त्या वर्षी कुणी कुणाला "तुमची वारी चुकली" म्हणालं नाही. घरात तुळशीला फेऱ्या मारून लोकांनी वारी केली. तुमचं प्रत्येक वर्ष सध्या २०२० आहे, एवढंच समजा.

उपासाचं मी कडक सांगते. करू नका. आजारी, गरोदर आणि बाळंतीण यांना उपास नाही हे जुन्या बायकाच सांगत आल्यात. रात्री तीनदा उठून ८१ वर्षांच्या माणसाची कूस बदलणाऱ्या बाईला मी त्याच रांगेत बसवते. एकादशीला चहा आणि साबुदाण्याच्या खिचडीवर राहून दुपारी चक्कर येऊन पडलेली सून मी उचलली आहे, त्या दिवशी घरात दोन आजारी झाले. तुळशीला पाणी घाला, आणि भाजी-भाकरी खा.

आता जनाबाई. तुम्ही लिहिलंय की दिवसातून चार-पाच वेळा घाण काढावी लागते, त्यामुळे देवघराला हात लावायला मन धजत नाही, सारखं ओवळं वाटतं. हे मला फार घरांत भेटतं, आणि बायकांना ते आतून पोखरतं. जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल काय काय करतो ते आठवा. तिच्याबरोबर दळायला बसतो. ती अंगण झाडते तेव्हा तो केर भरतो, केराची पाटी डोक्यावर घेतो आणि लांब टाकून येतो. ज्या देवाला केराची पाटी डोक्यावर घ्यायला कमीपणा वाटला नाही, त्याला साबणाने स्वच्छ धुतलेल्या तुमच्या हातांचा विटाळ कसा होईल? हात धुवायचे ते जंतूंसाठी. धुतले की देवाला फूल घाला.

त्याच अभंगांतून मी दुसरंही एक घेते. जनी काम करते आणि देव बघत बसतो, असं त्यांत नाही. अर्धं काम तो करतो. मदत घेण्यात कमीपणा वाटणाऱ्या ज्या-ज्या बाईला मी भेटते, तिला हे सांगते. दारात आलेल्या शेजारणीने "काही करू का?" विचारलं की आपण सवयीने म्हणतो, "नको गं, होतंय." तिथे जनाबाईसारखं म्हणा, "घे, पाटी उचल." नेमकं काम सांगा: एवढे कपडे वाळत घाल, अर्धा तास यांच्याजवळ बस, मेडिकलमधून डायपर आण. मोघम मदत मागितली की कुणी येत नाही, नेमकी मागितली की बहुतेक येतात.

आणि राग. तुम्हाला वाटतं, राग आला म्हणजे भक्ती आटली. जनाबाईनेच अंगणात उभं राहून विठ्ठलाला शिव्या दिल्यात, आणि त्या अभंगातच ती सांगते की ही दासी जनी शिव्या देत उभी आहे. तुकोबांच्या घरात १६३० च्या दुष्काळात बायको आणि मूल गेलं, आणि नंतरच्या त्यांच्या अभंगांत देवाशी किती कडकडून भांडण आहे ते तुम्ही कीर्तनात ऐकलंय. शेकडो वर्षं आपण हे अभंग जपले, टाळ-मृदंगावर म्हटले. समईसमोर उभं राहून "विठोबा, मला कंटाळा आलाय, मला हे नकोसं झालंय" असं मोठ्याने म्हणणं हे परंपरेत बसतं. हवं तर दार लावून म्हणा. हे वाक्य आजींना ऐकवण्यापेक्षा विठोबाला ऐकवलेलं बरं, त्याला सवय आहे.

हे बोलून टाकण्याचं आपल्याकडचं आणखी जुनं ठिकाण म्हणजे जातं. पहाटे अंधारात, घर झोपलेलं असताना, बाई जात्यावर बसायची आणि सासरचं, माहेरचं, मेलेल्या लेकराचं, दारुड्या नवऱ्याचं सगळं ओवीत घालायची. जात्यालाच ती ईश्वर म्हणायची. हेमा राईरकर, गी पॉइटवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या बायकांच्या अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात, आता त्यांतल्या पुष्कळ इंटरनेटवर त्या बायकांच्याच आवाजात ऐकायला मिळतात. रात्री जाग आली की दोन ऐका. आपलंच कुणीतरी बोलतंय असं वाटेल.

साताऱ्याकडच्या एका घरातली गोष्ट सांगते. साठीच्या मावशी, नवरा पक्षाघाताने पडलेला. मी पाठीवरची जखम बांधत होते, मावशी त्यांचे पाय धरून उभ्या होत्या आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होत्या. मी विचारलं तर लाजल्या. मग म्हणाल्या:

रात बाई मोठी मोठी, कूस बदलू कितींदा
जात्या तुला सांगू वाटं, तूबी गेलास अवंदा

त्या वर्षी घर पाडून स्लॅबचं बांधलं होतं आणि जातं कुणीतरी उचलून नेलं होतं. नवऱ्याची कूस दर दोन तासांनी बदलायला मीच सांगितलं होतं, ती नाही बदलली तर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. माझा तो नियम त्यांच्या ओवीत जाऊन बसला होता. मी त्यांना मोबाईलमध्ये आवाज कसा साठवायचा ते दाखवलं. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी एकशे चाळीसच्या वर ओव्या भरल्या. कुणाला पाठवल्या नाहीत. मी एकदा विचारलं, काय करायचं यांचं? म्हणाल्या, "काय नाय. पीठ पडलं की झालं." तुम्हाला ओवी येत नसेल तर साधं बोला. रात्रीची कूस बदलून झाली की मोबाईल तोंडाजवळ धरून दोन मिनिटं. नंतर पुसून टाकलं तरी चालेल.

आजींसाठी परंपरा काय करते ते थोडं सांगते, कारण त्यांचा दिवस शांत गेला की तुमचा जातो. स्मृतिभ्रंशात मुलाचं नाव पुसलं जातं तेव्हाही लहानपणापासून म्हटलेलं गाणं पुष्कळदा शाबूत असतं. तुमच्या सासूबाई माळकरी, म्हणजे हरिपाठ त्यांना रोजच्या चालीत पाठ असणार. अंग पुसताना, वेणी घालताना, ज्या वेळी त्या हात झटकतात नेमक्या त्या वेळी, हळू आवाजात, त्यांच्याच चालीत सुरू करा. टीव्हीवरच्या चालीत नको. पहिल्या चरणाला काही होणार नाही. तिसऱ्या-चौथ्याला ओठ हलतील. तुमचा हरिपाठही त्यातच होतो, वेगळं आसन मांडून बसायची गरज नाही. सगळे अभंग व्हायला हवेत असंही नाही.

मात्र घास भरवताना गाऊ नका आणि त्यांना गाऊ देऊ नका. गाताना श्वासनळी उघडी असते, घास तिकडे जातो. भरवताना पाठ टेकून ताठ बसवा आणि नंतर अर्धा तास तसंच बसू द्या. त्यांना पाणी पिताना ठसका लागत असेल तर तीर्थ चमच्याने तोंडात घालू नका, बोट बुडवून ओठांना लावा. शेंगदाण्याचा, चुरमुऱ्यांचा कोरडा प्रसाद तर नकोच. कुणी दारातून आणून त्यांच्या तोंडात घालायला लागलं तर तुम्ही मध्ये पडा, त्यात देवाचा अपमान नाही.

घरात ऑक्सिजनचं यंत्र किंवा सिलिंडर आलं, तर त्या खोलीत समई, निरांजन, उदबत्ती काही पेटवायचं नाही. विजेवरचा दिवा लावा. दम्याच्या माणसाजवळ धूपही नको. आणि गळ्यातली तुळशीची माळ: पडून असलेल्या माणसाच्या मानेखाली मणी रुततात आणि पातळ कातडीला जखम होते. माळ काढणं घरातल्यांच्या जिवावर येतं, ते मला समजतं. कूस बदलताना मणी पुढे, छातीवर ओढून घ्या. तेही जमेनासं झालं की माळ हातात द्या किंवा उशाशी ठेवा.

एक दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. एका घरात आजी दोन वर्षं कुणाला ओळखत नव्हत्या. सून रोज आंघोळीनंतर त्यांना बुक्का लावायची. डबीचं झाकण निघताना "टक्‌" असा आवाज व्हायचा, आणि तो ऐकला की आजी डोळे मिटून कपाळ पुढे करायच्या. सुनेने बोट टेकवलं की हात जोडायच्या. मी ते बघत होते. सून म्हणाली, "सिस्टर, दिवसभरात एवढं एकच काम असं आहे, की ज्यात त्या मला काहीतरी देतात." असा एक क्षण तुमच्या दिवसात शोधा. बुक्का असेल, केसांना तेल असेल, संध्याकाळचा दिवा लावून त्यांच्या हातांवर तुमचे हात ठेवून केलेला नमस्कार असेल. सांजवातीचा आणखी एक उपयोग आहे. अशा घरात दिवस कधी सुरू झाला आणि कधी संपला ते कळत नाही, सगळं औषधांच्या वेळांवर चालतं. तिन्हीसांजेला दिवा लागला की दिवसाला एक कड येते. दिव्यानंतर ढीगभर चादरी धुवायच्या नाहीत, असं मी जाते त्या घरांतल्या माणसांना सांगते.

तुम्ही वारकरी घरातल्या, म्हणून मी पंढरीच्या वाटेने बोलले. आमच्या कामात सगळ्या घरांत जावं लागतं आणि प्रत्येक घरात काही ना काही असतं. बौद्ध घरांत मी एक गोष्ट पुष्कळदा ऐकली आणि आता स्वतःही सांगते. अतिसाराने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेल्या एका भिक्खूला बाकीच्यांनी सोडून दिलं होतं. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून खाटेवर निजवलं. मग सगळ्या भिक्खूंना गोळा करून बुद्ध म्हणाले, ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. तुम्हाला इथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेणार? तिथेही बघा, एकटे बुद्ध नाहीत. पाणी आनंद आणतो, डोक्याकडून एक धरतो, पायाकडून दुसरा. अंथरुणावरचं माणूस दोघांनी उचलायचं असतं, हे मी आजही प्रत्येक घरात पहिल्या दिवशी शिकवते, एकट्याने उचललं की कंबर जाते.

आता परंपरेतलं जे मी हातात घेत नाही, तेही सांगायला हवं. "मागच्या जन्मीचं फेडतेस" असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे, त्यात तुमचं किंवा आजींचं पाप नाही. सावित्रीचा दाखला देऊन बायकांनीच मरेपर्यंत झिजावं असं सांगणाऱ्यांना मी सरळ उत्तर देते: सावित्री यमाच्या मागे गेली, बोलली, वाद घातला आणि मागून घेतलं. मुकाट्याने झिजणारी बाई ती नव्हतीच. आणि आजींना "बाहेरचं" झालंय म्हणून कुणी देवऋषी आणू म्हणालं, धुरी देऊ म्हणालं, औषध बंद करा म्हणालं, तर दारातूनच परत पाठवा. अशा अघोरी उपचारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे.

माहेराबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते आपल्या परंपरेने काळजी घेणाऱ्या बाईसाठी मुद्दाम केलेली सोय तीच होती, आणि आपण ती हरवली. नागपंचमीला भाऊ न्यायला यायचा. मंगळागौरीला रात्रभर फुगड्या, झिम्मा, पिंगा, म्हणजे राबून आखडलेल्या अंगाला मोकळं करायची रात्र. गौरी तीन दिवस माहेराला येते, तिला जेवू घालतात, कुणी तिच्याकडून काम करून घेत नाही. देवीलाही वर्षातून तीन दिवस सुट्टी लागते. संतांनी पंढरीला माहेर म्हटलं, देऊळ म्हणून थांबले नाहीत. थकलेल्या जिवाला जिथे काही करावं लागत नाही, नुसतं असावं लागतं, ती जागा म्हणजे माहेर, आणि तिच्याशिवाय चालत नाही हे त्यांना माहीत होतं.

तुम्ही शेवटचं माहेरी कधी राहिलात? आई-वडील नसतील तर भाऊ, बहीण, मैत्रीण. पूर्वी सुनेने "माहेरी जायचंय" म्हटलं की सासू कुरकुरायची, पण पाठवायची, कारण ती रीत होती. "मला विश्रांती हवी" असं म्हटलं तर तुमच्याच घरातले गोंधळतील. "श्रावणात चार दिवस माहेरी जाणार आहे, माहेरपण राहिलंय" म्हटलं तर त्यांना नाही म्हणणं अवघड जाईल. रीतीचा हा उपयोग करून घ्या, त्यात लबाडी नाही. आणि नणंदबाईंना त्यांच्या माहेरपणाला बोलवा, त्यांच्या आईजवळ. सख्ख्या लेकीच्या हाताने चार दिवस आंघोळ मिळाली तर आजींनाही बरं वाटेल. जाण्याआधी एक दिवस दोघी मिळून सगळं करा, म्हणजे कूस कशी बदलायची, गोळ्या कुठल्या, ठसका लागला तर काय, हे त्यांच्या हातात बसेल.

आणखी एक दुःख तुमच्या पत्रात ओळींच्या मधे आहे. तुम्हाला स्वयंपाक शिकवणाऱ्या, तुम्हाला पहिल्यांदा पंढरपूरला नेणाऱ्या सासूबाई पाच वर्षांपूर्वीच जायला लागल्या, आणि देह मात्र समोर आहे. माणूस गेल्यावर आपल्याकडे सगळं ठरलेलं असतं. त्या घरात चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भाकरी येते, दहा दिवस माणसं येऊन बसतात, गेलेल्याच्या गोष्टी निघतात. असं हळूहळू जाणाऱ्या माणसासाठी मात्र काही ठरलेलं नाही, म्हणून ते दुःख तुम्ही एकटीने गिळताय. त्यातलं थोडं आताच मागून घ्या. तुमच्या भजनी मंडळातल्या दोघी-तिघींना घरी बोलवा, आजींच्या खाटेशेजारी बसवा, आणि "आठवतंय का, त्यांनी तेव्हा..." असं सुरू करा. रडू आलं तर येऊ दे. आजींनाही आवाज ऐकू जाईल.

येत्या रविवारी दिरांना, नणंदेला, यजमानांना एका वेळी बसवा, दीर फोनवर असले तरी चालतील. एक कोरा कागद घ्या. वर "पहारा" लिहा. आठवड्याचे सात दिवस आडवे, दिवसाचे तुकडे उभे, आणि प्रत्येक चौकटीत एकेक नाव. दीर पुण्याहून येऊ शकत नसतील तर त्यांच्या चौकटीत पैसे: रात्रीच्या मावशींचा पगार, आठवड्यातून दोन रात्री. यजमानांच्या चौकटीत सकाळची आंघोळ, उचलायला दोघं लागतात म्हणून. रविवारी दुपारी नातवंडं आजींजवळ बसतील. गावात ज्येष्ठांसाठी कुठली सरकारी मदत मिळते ते १४५६७ या ज्येष्ठ नागरिकांच्या मोफत हेल्पलाइनवर विचारा, हे काम कुणातरी कॉलेजात जाणाऱ्या पोराला द्या. एकादशीची संध्याकाळ, साडेपाच ते साडेआठ, तिथे तुमचं नाव लिहायचं नाही. तिथे दुसऱ्याचं लिहायचं, आणि तुम्ही टाळ घेऊन देवळात जायचं.

पहिल्या वेळी पाय निघणार नाही. देवळात बसल्यावरही कान घराकडे राहतील. फोन पिशवीत ठेवा, आवाज चालू असू दे, पण हातात नको. परत आलात की चादर ओली आहे का, गोळी दिली का, हे विचारायच्या आधी पाय धुवा, आजींच्या उशाशी बसा, आणि आज भजनात कुठला अभंग झाला तो त्यांच्या चालीत त्यांना म्हणून दाखवा.